गॅस स्टेशनवर टायरमध्ये हवा भरायचे पैसे द्यायचे का? (कॅलिफोर्निया)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारचा प्रकार डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणि कुणी गॅस स्टेशनवर काम केलं असेल तर त्यांनी जरूर सांगा.

आम्ही ट्रेसीला राहतो. सांगलीहून माझे वडील आलेत, अण्णा. त्यांना लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात न्यायचं कबूल केलं होतं. नवरा कामासाठी परगावी, त्यामुळे गाडी मीच चालवणार होते. लायसन्स मिळून मला सातच महिने झालेत आणि ५८० या फ्रीवेवरचा आल्टामाँटचा चढ मी त्याआधी एकटीने कधी केला नव्हता. पवनचक्क्यांच्या त्या पट्ट्यात वारा गाडीला बाजूला ढकलतो, शिवाय दोन्हीकडून ट्रक असतात, हे ज्यांनी तिथून गाडी नेली आहे त्यांना माहीत असेल.

सकाळी सातला निघालो. डिसेंबरची थंडी, काचेवरचा बर्फ खरवडून काढला होता. दोन सिग्नल गेलो नाही तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह. मला वाटलं इंजिनाचं काहीतरी. अण्णा म्हणाले, "बाजूला घे." खाली उतरून त्यांनी चारही टायरांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मागचा डावा बसलाय. असा हायवेला न्यायचा न्हाई." अण्णा एसटीच्या वर्कशॉपात टायरच्या कामावर होते, आयुष्यभर तेच केलं. बसच्या जोडटायरांवर लोखंडी रॉड आपटून, आवाजावरून कुठल्या टायरची हवा कमी आहे ते ते ओळखायचे.

फ्रीवेच्या तोंडाशीच एक गॅस स्टेशन होतं. आधी पेट्रोल भरलं, नऊ गॅलन, पावती घेतली. मग हवेच्या मशीनपाशी गाडी लावली. मशीनवर लिहिलेलं होतं अडीच डॉलर. कार्ड लावलं, कॉम्प्रेसर घरघरायला लागला आणि तिथून माझी धांदल सुरू झाली. किती हवा भरायची तेच मला माहीत नव्हतं. टायरवर ४४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कोरलेलं, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२. अण्णा व्हॉल्व्हच्या टोप्या काढत होते, मी ते इंग्रजी वाचून त्यांना सांगत होते. नळीला गेज होता, पण त्यावरचे आकडे पार झिजलेले. मागचा डावा जेमतेम भरला, पुढचा एक झाला आणि मशीन बंद पडलं. वेळ संपली होती. पुन्हा अडीच डॉलर. एकूण पाच.

अण्णांनी विचारलं, "हवंला पैसे? आन ते बी पेट्रोल भरल्यावर?" मला उत्तर देता आलं नाही.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ पिकअपमध्ये पेट्रोल भरत होते. ते म्हणाले, पैसे कशाला दिलेत, आत जाऊन सांगायचं, या राज्यात फुकट आहे. मी आत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ते मशीन आमचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे, आम्ही काही करू शकत नाही." मागे माणसं उभी होती, मी गप्प परत आले. नंतर पाहिलं तर मशीनच्या मागच्या बाजूला उन्हाने उडालेला एक स्टिकर होता, त्यातले 'फ्री एअर' एवढेच शब्द वाचता येत होते.

तर माझे प्रश्न असे. खरंच असा कायदा आहे का? मशीन दुसऱ्याचं असलं तर तो लागू होतो का? आणि ४४ खरं की ३२?

पाच डॉलर गेल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की त्या सकाळी माझ्याकडे कार्ड नसतं तर मी तसाच बसलेला टायर घेऊन घरी वळले असते. किंवा अण्णा सोबत नसते तर दिवा दुर्लक्षून थेट ५८० वर चढले असते.

---

जुना_सॅनहोजेकर

ताई, तो पिकअपवाला बरोबर बोलला आणि काउंटरवरचा मुलगा चुकला.

कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम १३६५१ आहे. स्टेशन उघडं असेल त्या वेळात इंधन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हवा, पाणी आणि दाब मोजायचा गेज, तिन्ही विनामूल्य द्यायची जबाबदारी स्टेशनची. गेजसुद्धा कायद्यातच आहे हे लक्षात घ्या. तुम्ही आकडे झिजलेत म्हणालात ना, तीही तक्रारच झाली. तुमच्या-आमच्या गाड्या आणि रिकाम्या वजनात ६,००० पौंडांपर्यंतची व्यापारी वाहनं यात येतात.

मशीन कुणाचं, हा स्टेशनचा आणि त्या कंपनीचा आपसातला व्यवहार. कायदा स्टेशनला बांधतो. म्हणून बहुतेक ठिकाणी काउंटरमागे एक बटण असतं. आत जाऊन सांगितलं की ते बटण दाबतात आणि मशीन कार्डाशिवाय चालू होतं. काही ठिकाणी टोकन देतात. त्या मुलाला बटण माहीत नसेल, नवीन असेल, किंवा ते बिघडलेलं असेल. पण 'आम्ही काही करू शकत नाही' हे उत्तर चालत नाही.

एक मात्र नीट समजून घ्या, कारण यावरून लोक काउंटरवर हुज्जत घालतात. फुकट हवा आहे ती इंधन घेणाऱ्याला. नुसती हवा भरायला आलेल्याकडून ते पैसे घेऊ शकतात. किती गॅलन घ्यायचं असा आकडा कायद्यात नाही. तुमच्याकडे नऊ गॅलनची पावती होती, विषयच संपला.

तो उडालेला स्टिकरही कायद्यानेच लावायचा असतो, गिऱ्हाइकाला दिसेल असा. त्यावर लिहिलेलं असतं की इंधन घेणाऱ्याला मोफत हवा-पाणी देणं या स्टेशनला बंधनकारक आहे, तक्रार असेल तर कामावरच्या माणसाला सांगा किंवा या टोल-फ्री नंबरवर फोन करा. फोन जातो मेजरमेंट स्टँडर्ड्सच्या विभागाकडे. म्हणजे आपल्याकडच्या वजनमापे खात्यासारखं खातं, आणि इथे ते राज्याच्या शेती खात्याखाली आहे. पंपातून एक गॅलन म्हणून खरोखर एक गॅलन पडतो की नाही हे बघणारी यंत्रणा हीच. मी एकदा फोन केला होता. बाईंनी शांतपणे पत्ता, तारीख, वेळ लिहून घेतली. त्या स्टेशनवर नंतर नवा स्टिकर लागलेला मी स्वतः पाहिला.

आता ४४ की ३२. दारावरचं ३२. टायरवर कोरलेला आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो ती मर्यादा. तुमच्या गाडीच्या वजनाला किती हवी, ते गाडी बनवणारा ठरवतो आणि ते दाराच्या चौकटीवर असतं. ४४ भरलीत तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकेल, ओल्या रस्त्यावर पकड कमी होईल, मध्येच झिजेल. आणि हे ३२ थंड टायरचं. गाडी पळून टायर तापला की आकडा चार-पाचने वर दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही.

---

कृष्णाकाठ

दादा, खूप आभार. हे सगळं मी अण्णांना वाचून दाखवलं. गेज कायद्यात आहे हे ऐकून ते उठून बसले. म्हणाले, "ज्यानं लिहिलंय त्याला टायर कळत हुता. गेज नसल तर हवा भरून काय उपेग?"

दिवा थंडीमुळेच लागतो का, तेही कुणी सांगाल का? ऑक्टोबरात हवा तपासली होती तेव्हा सगळं ठीक होतं.

---

रात्रपाळी

मी बेकर्सफील्डजवळ एका गॅस स्टेशनवर दोन वर्षं रात्री काम केलं आहे. नोकरी गेली होती, घर चालवायचं होतं. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने चार गोष्टी सांगतो. कायदा जुन्या सॅनहोजेकरांनी सांगितला तसाच आहे, त्याबद्दल वाद नाही.

हवेचं मशीन ही स्टेशनवरची सर्वांत जास्त मोडणारी वस्तू. लोक नळी जमिनीवर टाकून निघून जातात आणि पुढची गाडी तिच्यावरून जाते. नळीच्या टोकाचा पितळी चक वाकला की हवा टायरमध्ये कमी आणि बाहेर जास्त जाते. माझ्या काळात नळी तीनदा कापून नेली. पूर्वी स्टेशनच्या गॅरेजमध्ये लिफ्टसाठी मोठा कॉम्प्रेसर असायचाच, त्यातूनच बाहेर एक नळी काढलेली असायची, म्हणून हवा फुकट देणं कुणाला जड जायचं नाही. गॅरेजं गेली, त्या जागी चिप्स आणि कोल्ड्रिंकची दुकानं आली. मग हवेसाठी वेगळं मशीन बसवायचं, त्याची दुरुस्ती बघायची, एवढं कुणाला नको असतं. बाहेरची कंपनी येते, स्वतःच्या खर्चाने मशीन बसवते, दुरुस्त करते आणि जमलेल्या पैशांतला वाटा मालकाला देते. मालकाची डोकेदुखी जाते. इंधनावर त्याला गॅलनमागे फार सुटत नाही, कमाई असते ती दुकानात.

हे मी मालकाची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. अडचण अशी, की मशीन बसवून कंपनीचा माणूस निघून जातो आणि ते बटण कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसाला कुणी सांगतच नाही. मलाही पहिले दीड महिना माहीत नव्हतं. त्या दीड महिन्यात मी किती लोकांना 'नाही' म्हणालो असेन! एकदा पहाटे चारला एक आई आली होती, मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली, टायर अर्धा बसलेला, आणि तिच्याकडे फक्त नोटा होत्या. मशीनला नोट चालत नव्हती. मी खिशातली नाणी दिली. बटण माझ्या गुडघ्याजवळ, लॉटरीच्या मशीनखाली होतं, हे मला नंतर कळलं. ते अजून आठवतं.

म्हणून सगळ्यांना एकच सांगणं. कार्ड लावायच्या आधी आत या. पावती हातात ठेवा आणि सरळ म्हणा, 'मी पंप अमुकवर गॅस घेतलाय, हवा चालू करून द्या.' 'फुकट आहे का' असं विचारू नका. विचारलं की नव्या माणसाला 'नाही' म्हणणं सोपं जातं. आणि आधी चारही टोप्या काढून ठेवा, आकडा वाचून ठेवा, म्हणजे मशीन चालू झाल्यावर वेळ पुरतो. कार्ड एकदा लावलंत की पैसे त्या कंपनीकडे गेले, काउंटरवरच्याला ते परत करता येत नाहीत. त्यासाठी मशीनवर वेगळा नंबर असतो.

---

एडिसनकर

आम्हा न्यू जर्सीवाल्यांना वाचून नवल वाटलं. इथे पेट्रोल स्वतः भरायलाच कायद्याने बंदी, १९४९ पासून. माणूस येऊन भरून देतो. पण हवेचा तसा कायदा नाही, ती आपली आपण भरायची आणि बहुतेक ठिकाणी पैसे टाकून. अपवाद 'वावा' या गॅस स्टेशनच्या साखळीचा, तिथे हवा फुकट मिळते. पेनसिल्व्हेनियात 'शीट्झ' या तशाच साखळीतही. कनेक्टिकटमध्ये मात्र कॅलिफोर्नियासारखा फुकट हवेचा कायदा आहे. बाकी राज्यांत जिथे जाल तिथली पद्धत.

थंडीबद्दल: तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरातल्या ८० अंशांच्या दुपारी ३२ भरली असेल तर डिसेंबरात ४० अंशांच्या सकाळी ती २८ दिसणार. दिवा लागतो तो ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर, म्हणजे तुमच्या गाडीत २४ च्या आसपास. त्यामुळे नुसत्या थंडीने चारही टायर २८ झाले तर दिवा लागायचा नाही. तुमचा एकच टायर बसला होता ना? मग त्यात काहीतरी आहे. बघून घ्या.

---

झटपट

एवढा ऊहापोह कशाला? तीस-चाळीस डॉलरला गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालणारा छोटा पंप मिळतो. डिकीत टाका. आकडा लावला की तिथे आपोआप थांबतो. अडीच डॉलरसाठी काउंटरवर भांडायला माझ्याकडे वेळ नाही. किंवा कॉस्टकोचे (सभासदांसाठीचं मोठं दुकान) सभासद असाल आणि टायर तिथूनच घेतले असतील तर त्यांच्या टायर सेंटरला जा, नायट्रोजन भरून देतात, पैसे घेत नाहीत.

---

कृष्णाकाठ

झटपट, पंपाची सूचना चांगली आहे, आम्ही घेणार आहोत. पण 'कशाला' याचं उत्तर मला द्यावंसं वाटतं.

आमच्या कॉलनीत सफाईला येणाऱ्या बाई एका जुन्या गाडीतून येतात, पहाटे, मंटेकाकडून. गाडी इतकी जुनी की तिला तो दिवाच नाही. इथे नव्या गाड्यांत तो २००८ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्या कोण चालवतं ते आपण बघतोच. चाळीस डॉलरचा पंप त्यांनी घ्यावा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्या दर आठवड्याला कुठे ना कुठे पेट्रोल भरतात. त्या पेट्रोलबरोबर हवा त्यांच्या हक्काची आहे. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, नाणी साठवून ठेवायच्या, हवेसाठी.

---

खंबाटकी

ताई, तुमच्या अण्णांना नमस्कार सांगा. मी साताऱ्याचा, पुणे-बंगळूर हायवेला रोजचं जाणं-येणं.

आपल्याकडेही हवा फुकटच आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम यांच्या मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्समध्ये हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी हे पंपाने द्यायचंच आहे. पेट्रोल घेतलंच पाहिजे अशी अटही कुणी घालत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. हवा भरणारा पोरगा हात पुढे करतो, आपण पाच-दहा रुपये देतो. मी देतो, आनंदाने देतो, कारण तो उन्हात उभा असतो आणि त्याला पगार किती असतो ते मी विचारलेलं आहे. माझा राग आहे तो 'साधी हवा बंद आहे, नायट्रोजन आहे' या उत्तरावर. नायट्रोजनचे टायरमागे पैसे. आणि साधी हवा रोज बंद कशी असते? आपण श्वास घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजनने दाब थोडा जास्त दिवस टिकतो हे खरं, पण रोजच्या गाडीला वेळेवर साधी हवा तपासली तर पुरते.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून किती अपघात झाले ते आपण वाचलं. सिमेंटचा तापलेला रस्ता, तासन्‌तास एकाच वेगाने पळणारी गाडी आणि हवा कमी. कमी हवेचा टायर बाजूने दुमडत राहतो, त्याने आतून तापतो आणि फुटतो. मग आरटीओवाले प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला लागले, गुळगुळीत टायरची गाडी परत पाठवायला लागले. मला म्हणायचंय ते इतकंच, की तिथपर्यंत पोहोचायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक पंपावर साधी हवा चालू असायला हवी. पंपावर विक्री अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला असतो, तक्रारवही मागता येते. मी दोनदा लिहिलंय. दुसऱ्या वेळी वही द्यायला वीस मिनिटं लावली, पण दिली.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

एडिसनकरांचं वाचल्यावर अण्णा लगेच खाली गेले. मागचा डावा टायर पुन्हा २७ वर आला होता. त्यांनी आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला नाही. मग साबणाचं पाणी करून आणायला सांगितलं. गाडी एक-एक हात पुढे घ्यायला लावत टायरचा पूर्ण वेढा भिजवला. बाहेरच्या कडेला, खाचेत, बारीक बुडबुडे यायला लागले. स्क्रू होता, डोकं झिजून रबराच्या रंगाचं झालेलं. मी दहा वेळा पाहिलं असतं तरी मला दिसला नसता. टायरच्या दुकानात नेला, त्यांनी आतून पॅच लावला.

रविवारी पुन्हा त्याच स्टेशनवर गेलो. मुद्दाम तिथेच गेले. सहा गॅलन पेट्रोल घेतलं. या वेळी आधी चारही टोप्या काढून अण्णांच्या हातात दिल्या, मग पावती घेऊन आत गेले आणि रात्रपाळींनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिने मान हलवली, खाली वाकली, आणि बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज मला आत ऐकू आला. गेज मात्र अजून तसाच होता. मी तिला सांगितलं, तिने लिहून घेतलं. स्टिकरवरचा नंबर वाचता येत नव्हता, तो दुसऱ्या स्टेशनवरून उतरवून आणला आणि सोमवारी फोन केला. गेज आणि स्टिकर दोन्हींची तक्रार नोंदवली आहे.

घरून निघताना अण्णांनी स्वतःचा गेज खिशात घेतला होता. सांगलीहून आणलाय त्यांनी, पेनासारखा, पितळी. मला माहीतच नव्हतं, सामानात गंजिफ्रॉकमध्ये गुंडाळून ठेवला होता. त्याने एकेक टायर तपासून ३२ केला. मग म्हणाले, "स्टेपनी काढ." मी म्हटलं, ती कधी वापरलेलीच नाही. म्हणाले, "म्हणूनच काढ." छोटी, बारीक स्टेपनी असते ना या गाड्यांत, तिच्यावर ६० लिहिलेलं होतं आणि गेजवर आले ३५. तीही भरली. मशीन तोपर्यंत चालू होतं.

ते पुढच्या महिन्यात परत जातील. गेज इथेच ठेवून जाणार म्हणालेत. सन व्हायझरच्या मागे त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे, वर्कशॉपातल्या फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरांत: पुढं ३२. मागं ३२. स्टेपनी ६०. थंड असताना.